दिलेलं पाणी

आमच्या भागात सोयरीक ठरवायला आलेला माणूस आधी जमीन विचारत नाही, पाणी विचारतो. ओसरीवर बसला की समोर तांब्या येतो. तो एक घोट घेतो, तोंडात जरा फिरवतो आणि मगच बोलायला लागतो. घोट गिळताना त्याचं तोंड वाकडं झालं, तर घरातल्या बायांना कळून चुकतं की हा पाहुणा नुसता चहा पिऊन उठणार, सोयरीक होणार नाही.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अकोल्यापासून दर्यापुराकडे पसरलेल्या काळ्या जमिनीच्या पोटात खार आहे. वर सोनं पिकतं. कापूस आणि ज्वारी आभाळाच्या पाण्यावर येतात, त्यांना खालच्या खाराशी देणंघेणं नसतं. पण विहीर खणायला जावं तर बहुतेक ठिकाणी मचूळ, कडवट पाणी लागतं. गुरंसुद्धा ते नाइलाजानं पितात. अशा मुलखात आमची विहीर गोड होती. आम्ही माळी आहोत. आजोबांनी त्या पाण्यावर वांगी, मेथी, मिरची लावली आणि बांधाला मोगरा लावला. उन्हाळ्यात मोगऱ्याच्या टोपल्या सकाळच्या गाडीनं अकोल्याला जात.

मी घरातला कॉलेजात गेलेला पहिला. हे सगळं लिहावं की नाही, हे मला अजून नीट कळलेलं नाही. यात कोणाचा खून नाही, दरोडा नाही. एका विहिरीचं पाणी खारं झालं, एवढंच. पण अमरावतीला वर्गात बसून मी देशाच्या प्रगतीविषयी जे जे ऐकतो, त्या प्रत्येक वाक्याच्या मागे मला ती विहीर दिसते. ती एकदा कागदावर उतरवली तर कदाचित अभ्यास तरी नीट होईल.

विहिरीचे आमच्या घरात दोन नियम होते. पहिला आजोबांचा. ते म्हणत, आपलं गोड पाणी हे दुधावरच्या सायीसारखं आहे. पावसाचं पाणी जुन्या नाल्याच्या रेतीत मुरतं आणि खालच्या खारावर अलगद बसून राहतं. साय काढायची, दुधात हात घालायचा नाही. विहिरीच्या आतल्या बाजूला, बऱ्याच खाली, एक पांढरा दगड बांधकामातून पुढे आलेला होता. तो उघडा पडला की मोट सोडायची, बैल मोटेच्या उतरत्या धावेवरून मोकळे करायचे, मग पीक वाळलं तरी चालेल. तळ कोरायचा नाही.

दुसरा नियम आजोबांच्याही आधीचा. पाण्याला नाही म्हणायचं नाही आणि पाण्याचं काही घ्यायचं नाही. विहिरीजवळच्या लिंबाखाली एक रांजण असे, त्यावर साखळीला बांधलेला तांब्या. स्टेशनावरून उतरून पुढच्या गावांना जाणारे लोक तिथे थांबत. दर वर्षी माहेरी आलेल्या लेकींना बांगड्या भरायला एक म्हातारी कासारीण यायची. गावभर बांगड्या भरून झाल्या की ती लिंबाखाली टोपलं उतरवायची, दोन तांबे पाणी प्यायची आणि माझ्या बाला, म्हणजे वडलांना, हमखास ऐकवायची, "माळ्या, तुह्या गावात मानसं काई खास नाईत. मी येतो थे पान्यासाठी."

बा हसायचा. "मंग बुढे, बांगड्या फुकट भरत जा ना!"

"फुकट पानी पाजते म्हनून फुकट बांगड्या? मंग थे पानी फुकट कसं झालं रे?"

हे दर वर्षी व्हायचं आणि दर वर्षी दोघं पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर खोटं होईल. नाही म्हणायचं नाही, या आमच्या नियमालाही कुंपण होतं. गावकुसाबाहेरच्या बाया मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापासून दूर उभ्या राहत आणि बा वरून त्यांच्या घागरीत पाणी ओतायचा. तो त्याला धर्म समजायचा. मीही कॉलेजात जाईपर्यंत तसंच समजत होतो.

मी मॅट्रिकच्या वर्गात असताना आमच्या मळ्याला लागून, स्टेशनच्या बाजूला जीन उभं राहिलं. कापसातली सरकी काढायची गिरणी आणि जोडीला गाठी बांधायचा प्रेस. शेठजी अकोल्याचे. त्यांनी पत्र्याची भली मोठी शेड घातली, आगगाडीचा एक फाटा थेट दारापर्यंत आणला, बॉयलर बसवला. आणि मग विहीर खणली ती खारी निघाली.

ते आमच्या घरी आले तो दिवस मला आठवतो. एवढा मोठा माणूस आमच्या घोंगडीवर बसला. सोबत पेढ्यांचं पुडकं होतं.

"माळीबुवा, माझ्या विहिरीनं मला दगा दिला," ते म्हणाले. "खारं पाणी बॉयलरला घातलं की आतून खपली धरते, यंत्र बसतं. सगळं तयार आहे आणि भोंगा वाजत नाही. तुम्ही पाणी द्या. भाव तुम्ही सांगाल तो."

बानं दोन्ही कानांना हात लावले. "पान्याचा भाव? काऊन पापात पाडता जी मले? न्या ना. पानी का म्या पैदा केलं?"

"तसं नको. व्यवहार असावा. तुम्हालाही बरं, मलाही बरं."

"व्यवहार वांग्याचा असते, शेठजी. पान्याचा नसते."

शेठजींनी मान खाली घातली. मला वाटतं त्यांना खरोखर भरून आलं होतं. पुढे ते अकोल्यात लोकांना सांगत असत, की असा माणूस मी पाहिला नाही.

ते गेल्यावर आतून माय बाहेर आली. "पेढे घेतले तं निदान पानी मोजून देतो म्हनाचं होतं."

"पेढे पोट्ट्यायसाठी आनले त्याइनं. तू मोजमाप सांगू नोको मले."

पुढे अर्थशास्त्र शिकताना मी या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला. बानं भाव घेतला असता तर एखाद्या वर्षी भाव पटला नाही म्हणून पाणी बंद करता आलं असतं. विकणं थांबवता येतं. पण दिलेलं कसं थांबवायचं? त्याला आमच्याकडे रीतच नव्हती.

पहिल्या हंगामात बैलगाडीवर पिंप ठेवून पाणी जाई. भोंगा वाजला तेव्हा गाव गोळा झालं होतं. मी हे मुद्दाम लिहितो, कारण जीन आलं आणि सगळं वाईटच झालं असं मला म्हणायचं नाही. माझी काकू विधवा होती, दुसऱ्याच्या शेतात वेचणीला जायची. तिला जिनात काम लागलं. रुईच्या धुळीनं दिवसभर खोकायची, पण बारा महिन्यांतले निम्मे तरी महिने तिच्या चुलीवर दोन्ही वेळा तवा चढू लागला. स्टेशनजवळ दुकानं झाली. एका शिंप्यानं मशीन आणलं. रस्त्यावर गिट्टी पडली. मला मॅट्रिकच्या पुढे शिकवावं, असं बाला वाटू लागलं तेही जिनातले कारकून पाहूनच. धुतलेलं धोतर आणि कानावर टाक, एवढंच त्याला दिसलं होतं. तेवढंच मलाही दिसलं होतं.

दुसऱ्या हंगामात जिनाचा मॅनेजर आला. पिंपातून पाणी सांडतं, बैलांचा एक जोड गुंतून पडतो, त्यापेक्षा विहिरीवर तेलाचं इंजिन बसवून नळानं नेऊ, म्हणजे तुमच्या पाण्याची नासाडी होणार नाही, असं तो म्हणाला. बाला नासाडी हा शब्द पटला. "सांडन्यापरीस नळ बरा," तो म्हणाला. नळ बसला. इंजिन दम खात नसे. मोटेचे बैल थकतात, गडी विडी ओढायला थांबतो, तेवढ्यात विहीर भरून घेते. इंजिनाला विडी नव्हती.

मी त्या वर्षी अमरावतीला कॉलेजात दाखल झालो होतो. अकोल्याच्या बाजूनं येणारी गाडी बडनेऱ्याला सोडून पुढे अमरावतीची छोटी गाडी धरायची. एका वाड्याच्या मागच्या खोलीत राहायचो, हातानं स्वयंपाक करायचो. होळीला घरी आलो तर पांढरा दगड उघडा होता आणि इंजिन चालूच होतं.

"बा, दगड दिसून राह्यला," मी म्हणालो.

"दिसून राह्यला."

"मंग इंजिन बंद कराले सांग ना त्याइले."

बा वांग्याच्या वाफ्यात बसून खुरपत होता. खुरपं थांबलं नाही. "देल्लं पानी वापस घेते का रे कोनी?"

"वापस घ्याचं नाई. फक्त दगड झाकेपावतर थांबाचं. आपुन नाई का थांबत?"

"आपली गोष्ट येगळी. आपुन आपल्याले नाई म्हनू शकतो." मग पुढच्या वाफ्यात सरकून म्हणाला, "जिनात तुही काकू हाय. अर्धं गाव हाय. इंजिन थांबलं तं बॉयलर थांबते. मंग ह्या बाया कोनाच्या दारात जातीन? मह्याच ना?"

मी त्याच्याशेजारी बसून गवत उपटू लागलो. 

शेठजींच्या कानावर गेलंच. ते स्वतः आले, वाकून विहिरीत पाहिलं आणि हळहळले. "माळीबुवा, तुमचं नुकसान मी होऊ देणार नाही. विहीर माझ्या खर्चानं खोल करून देतो. सुरुंग लावू. दोघांनाही पुरेल."

पुढचे काही दिवस बा नीट जेवला नाही. लिंबाखाली बसून असायचा. आजोबांचा पहिला नियम त्याला पाठ होता, आणि दुसराही. आजवर दोन्ही नियम एकमेकांच्या वाटेत कधी आले नव्हते. आता पहिला पाळायचा तर दुसरा मोडावा लागणार होता. इंजिन बंद करा, एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. पाण्यासाठी दारात आलेल्या माणसाला नाही म्हणणं त्याच्या जिभेला जमलं नाही. तळाला हात लावणं जमलं. म्हणजे त्याला जे कमी पाप वाटलं, ते त्यानं केलं.

माय म्हणाली, "सासरे असते तं इहिरीत उडी घेतली असती त्याइनं."

बा म्हणाला, "थे असते तं मले ईचाराची पाळी नसती आली."

सुरुंग लागला. खडक फुटला आणि पाणी उसळून आलं. इतकं पाणी त्या विहिरीत कोणी पाहिलं नव्हतं. नारळ फुटला, गूळ वाटला. बा तळहातावर पाणी घेऊन प्याला आणि त्याचे डोळे भरले. गोड होतं. त्या उन्हाळ्यात मोगरा असा फुलला, की टोपल्या कमी पडल्या. मी सुट्टीत पहाटे फुलं तोडू लागायचो. मनाला वाटायचं, आजोबा चुकले असतील. जुनी माणसं घाबरट असतात. विज्ञान पुढे गेलं आहे. असं मी मित्राजवळ बोलूनही दाखवलं.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या गावात डाळ शिजेनाशी झाली.

हे ऐकायला हसू येईल, पण सुरुवात अशीच झाली. माय चुलीवर तुरीची डाळ ठेवायची आणि ती तासन् तास उकळत राहायची. वर फेस, खाली दाणा तसाच टणक. वरणाऐवजी पिवळ्या पाण्यात तरंगणारे दाणे. मायनं वाण्याचं दुकान गाठलं. मी दिवाळीला घरी होतो, सोबत गेलो होतो.

"काऊन रे, डाळीत गोटे मिसळून राह्यला का? काल सकाळपासून चुलीवर हाय. सरपन सरलं, डाळ हाय तशीच!"

वाणी वैतागला होता. तिच्या आधी बहुतेक इतर बायाही येऊन गेल्या असाव्यात. "माय, देवाशपथ तीच डाळ मी खाऊन राह्यलो. मह्या घरी बी शिजून नाई राह्यली. अकोल्याच्या आडत्यानं जुना माल गळ्यात मारला दिसते."

"तुही बायको काय म्हनते?"

"थे म्हनते, तुमीच शिजा आता."

दुकानात सगळे हसले. वाण्यानं आडत्याला दोष दिला, आडत्यानं यंदाच्या तुरीला. गावानं डाळ बदलली. मायनं भांडं बदललं, लाकूड बदललं, डाळ मऊ व्हावी म्हणून भाजीचा खार टाकून पाहिला. गावभर पाणी आमच्याच विहिरीचं होतं, ते कोणी बदललं नाही. बदलायला दुसरं होतंच कुठे! आणि आमच्या विहिरीवर शंका घ्यायची कोणाची हिंमत नव्हती. खार हळूहळू चढला होता. रोज पिणाऱ्यांच्या जिभेला तो कळला नाही.

परत निघताना मायनं माझ्या बोचक्यात ज्वारीचं पीठ बांधलं आणि त्यात त्याच डाळीची पुरचुंडी टाकली. "शिजत नाई, पन फेकू कशी? रात्रभर भिजू घालत जाय."

अमरावतीच्या खोलीवर पोहोचलो त्या दिवशी भूक लागली होती. भिजवायला सवड नव्हती. तशीच धुऊन चढवली आणि मोठ्या अपेक्षेनं नव्हे, सवयीनं शेगडीजवळ पुस्तक उघडून बसलो. काही पानं झाली असतील नसतील, वास आला. झाकण काढलं तर डाळ शिजून एकजीव झाली होती. पळी फिरवली की लोण्यासारखी मोडत होती.

मी त्या भांड्याकडे पाहत राहिलो. डाळ तीच. हात माझे, मायच्या हातांपेक्षा कितीतरी अडाणी. फक्त पाणी अमरावतीचं होतं.

माणसाला वाईट बातमी कशी कशी कळते! कोणाला तार येते. मला मऊ शिजलेल्या डाळीनं सांगितलं, की आमची विहीर गेली. मी ती डाळ खाऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशीची गाडी धरून परत गेलो.

बानं ऐकून घेतलं. मग विहिरीवर गेला, तांब्या भरला, माझ्यासमोर घटाघटा प्याला. "गोड लागते मले," तो म्हणाला.

"बा, वांग्याच्या पानायच्या कडा पाह्य ना."

"थंडीनं करपल्या."

"मेथी पिवळी पडून राह्यली."

"खत कमी पडलं."

"बा..."

"गोड लागते म्हनलं ना मले!" तो ओरडला. तो आयुष्यात क्वचित ओरडला असेल.

उन्हाळा लागेपर्यंत त्याच्या ओरडण्याला काही अर्थ राहिला नाही. वाफ्यांवर पाणी सुकलं की पांढरी बुरशीसारखी खपली धरू लागली. जी खपली शेठजींच्या बॉयलरला आतून धरत होती, ती आता आमच्या जमिनीला बाहेरून धरली. वांगी गेली, मिरची गेली. मोगऱ्यानं सगळ्यात जास्त दिवस तग धरला. त्याच्या कळ्या यायच्या, पण उमलायच्या आधी तपकिरी होऊन गळायच्या. बा त्या वेचून धोतराच्या सोग्यात घ्यायचा. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

जीन मात्र बंद पडलं नाही. शेठजींनी आगगाडीनं पाण्याच्या टाक्या मागवल्या. फाटा होताच. डोंगराकडचं गोड पाणी लोखंडी टाकीतून यायचं आणि बॉयलरमध्ये जायचं. त्यांचा खर्च वाढला असेल, ते रागावले असतील, पण त्यांच्यासाठी ती एक अडचण होती आणि अडचणीवर त्यांच्याकडे उपाय होता. आमच्यासाठी त्या पाण्याच्या पलीकडे काही नव्हतं. दोन माणसांचं नुकसान एकाच विहिरीनं होतं आणि एक जण पुढल्या हंगामाची तयारी करतो, दुसरा लिंबाखाली बसून राहतो. मला विषमता हा शब्द परीक्षेपुरता येतो. तिचा अर्थ मला एवढाच कळला आहे.

शेठजी वाईट नव्हते. त्यांनी जिनाच्या फाटकाबाहेर गावासाठी एक तोटी लावून दिली. सकाळी काही वेळ, पिण्यापुरतं, तिला पाणी यायचं. तोटी सुरू झाली त्या दिवशी सरकारचा मोठा साहेब आला होता, त्यानं शेठजींच्या औदार्याचं कौतुक केलं. माय घागर घेऊन रांगेत उभी राहू लागली. तिथे गावकुसाबाहेरच्या बायाही उभ्या असत, आणि तिथे वरून ओतायला कोणी नव्हतं. तोटीला सगळ्यांच्या घागरी सारख्याच लागत. सुरुवातीला गावात यावरून कुजबूज झाली, पण तहानेपुढे ती टिकली नाही. आमच्या धर्मानं जे केलं नव्हतं, ते एका तोटीनं केलं. हे मला कबूल करावं लागतं, आणि तरी माय त्या रांगेत दिसली की मी वाट बदलतो. दोन्ही खरं आहे.

शेठजींनी बाला निरोप पाठवला, की तोटीवर रखवालीला या. भांडणं होतात, तुमच्या शब्दाला मान आहे. काकू निरोप घेऊन आली.

"जाय ना, भाऊजी. बसून राहाचं काम हाय."

"काय करा लागते तिथं?"

"टाईम झाला का तोटी बंद कराची. कोनी जास्ती मांगलं तं नाई म्हनाचं."

बानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. काकू वरमली आणि मग एकदम रडायलाच लागली. "तुमचं पानी मह्या पोटापाई गेलं, मले का समजत नाई? पन मी काय करू? मी का ते काम सोडू?"

"म्या म्हनलं का सोड?" बा म्हणाला. "जाय. भोंगा होईन."

त्या वर्षी आमच्या वर्गात उत्पादनाची साधनं शिकवत होते. प्राध्यापक चांगले होते, कळकळीनं शिकवत. वऱ्हाडात रेल्वे आली, जीन आले, कापूस समुद्रापार गेला, जमिनीचे भाव वाढले, असं त्यांनी फळ्यावर खडूनं मांडलं. मग म्हणाले, की भूमी या शब्दात जमीन, पाणी, खनिज सगळं येतं, ही निसर्गाची फुकट देणगी आहे.

मी उभा राहिलो. वर्गात मी कधी उभा राहत नसे. "सर, पण ते पानी जर कोणी दिलं असेल तर?"

माझ्या तोंडून पाणी हा शब्द नीट निघाला नाही. मागच्या बाकांवर हसू पिकलं. सर थांबले. "कोणी दिलं असेल म्हणजे? विकलं असेल?"

"नाही सर. दिलं."

"मग त्याची किंमत शून्य. हिशेबात ते येत नाही," ते म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते. मला काहीतरी म्हणायचं आहे हे त्यांना दिसलं असावं, कारण ते काही क्षण वाट पाहत उभे राहिले.  मी खाली बसलो.

गेल्या उन्हाळ्यात परीक्षा संपल्यावर घरी जाताना मी एक घासलेटचा डबा विकत घेतला, राख लावून घासला आणि अमरावतीच्या नळाचं पाणी भरून घेतलं. मला दुसरं काही सुचत नव्हतं. आगगाडीत लोकांनी पुष्कळ थट्टा केली. बडनेऱ्याच्या फलाटावर एकानं विचारलं, "काय जी, गंगा घेऊन निंगाले का?" दुसरा म्हणाला, "लेका, लोक अमरावतीहून धोतरजोडी नेतात!" डबा मांडीवर धरून मी बसून राहिलो. त्यातलं पाणी बानं निवांत प्यावं, निदान दोन दिवस त्याच्या जिभेला जुनी चव मिळावी, एवढंच माझ्या मनात होतं. तो जिनाच्या तोटीचं पाणी पीत नव्हता. विहिरीचंच पीत होता. त्याचे पाय सुजू लागले होते.

बानं डबा पाहिला. झाकण काढून वास घेतला. "कोनाचं हाय?"

"नळाचं. कोनाचंच नाई."

त्यानं तांब्या भरून तोंडाला लावला आणि एकच घोट घेतला. तो घोट त्यानं किती वेळ तोंडात धरला! त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. विहीर गोड लागते, असं तो त्यानंतर पुन्हा कधी म्हणाला नाही.

मग तो उठला. लिंबाखालचा रांजण कोरडा पडला होता, तो त्यानं पुसून काढला, डबा उचलून त्यात रिता केला, साखळीचा तांब्या वर ठेवला. मी म्हणत होतो, बा, थे तुह्यासाठी हाय. त्यानं ऐकलं नाही. स्टेशनाकडून माणसं येत होती, त्यांना तो हाक मारू लागला. "या जी, पानी पिऊन जा. गोड हाय." इतक्या दिवसांनी ती हाक ऐकून गावातली माणसंही आली. एका पोराला तांब्या, एका सुईणीला, कामावरून खोकत येणाऱ्या काकूला. बाहेरच्या वस्तीतली एक बाई सवयीनं दूर उभी राहिली, तर बा क्षणभर घुटमळला आणि मग त्यानं तांब्या तिच्या हातात दिला. ऊन चढत होतं. त्याच्या अंगात कुठून बळ आलं होतं, कोण जाणे. तो हसतसुद्धा होता. मी त्याला थांबवलं नाही. रांजण किती खाली गेला ते फक्त मी पाहत होतो.

दुपारी रस्ता ओस पडला. तेव्हा टोपलं डोक्यावर घेऊन कासारीण आली. फार थकली होती, टोपलं तिनं कसंबसं उतरवलं. तिनं मळ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असेल तरी बोलली नाही. लिंबाच्या बुंध्याला टेकून बसली आणि ओठांवरून जीभ फिरवून म्हणाली, "माळ्या, पानी पाज बावा. यंदा याच्याच आशेनं आली."

बानं तांब्या रांजणात घातला. तो कोरड्या तळावर खडखडला. त्यानं रांजण तिरपा केला. तळाशी चूळभर उरलं असेल, ते रांजणाच्या मातीनं पिऊन टाकलेलं.

मी म्हणालो, "मी तोटीवरून आनतो." पण तोटीची वेळ केव्हाच संपली होती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. विहीर पाच पावलांवर होती, इंजिन बंद झाल्यापासून काठोकाठ भरलेली.

बा तांब्या हातात धरून तसाच उभा होता. म्हातारी त्याच्याकडे पाहत होती. तिला वाटत असावं, की आता तो काहीतरी गमतीचं बोलेल आणि मग पाणी देईल.

"नाई," बा म्हणाला.

"काय नाई?"

"पानी नाई."

तो शब्द कसा उच्चारायचा हेच ठाऊक नसल्यासारखा, अगदी हळू त्याच्या तोंडून निघाला.  म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं, टोपलं माझ्या मदतीनं डोक्यावर घेतलं आणि स्टेशनाच्या रस्त्याला लागली. गावात ती बांगड्या भरायला गेली नाही.

बानं तांब्याची साखळी सोडवली. ती जुनी होती, कडी गंजली होती, त्याला बराच वेळ लागला. मी पुढे झालो तर त्यानं माझा हात बाजूला केला. तांब्या काखेत धरून तो घरात गेला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. माय चुलीपुढे बसली होती. चुलीवर विहिरीच्या पाण्यात डाळ उकळत होती, आणि ती अधूनमधून एक दाणा बोटांत चिमटून पाहत होती.